तव्याची पाठ

तवा टबातून बाहेर आला, तेव्हा त्याचा रंग पहाटेच्या खाडीसारखा होता: करडा, निर्मळ, कुणाचेच काही न लागणारा. समीक्षाने तो सोड्याच्या पाण्यात बुडवून काढला, गरम हवेखाली कोरडा केला आणि खिडकीकडे धरून पाहिला. एक ठिपका नाही.

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या धातूवर मुलामा चढवणाऱ्या प्लेटिंगच्या कारखान्यात ती सोळा वर्षे काम करत होती. गेली सहा वर्षे सबंध लाइन तिच्या हाताखाली होती. नवा थर चढवायचा तर जुने सगळे उतरले पाहिजे, हे तिच्या धंद्यातले पहिले वाक्य. नव्या माणसाला ती ते पहिल्याच दिवशी ऐकवी, आणि ऐकवताना तिचा आवाज किंचित उंच होई. कारण त्या वाक्यावर तिची कामापुरती नव्हे, एकंदर जगण्यापुरती श्रद्धा होती.

तव्याच्या बाबतीत तिने जरासुद्धा हयगय केली नव्हती. जिथे निकेल आणि क्रोमची ये-जा, त्या टाक्यांच्या जवळपासही त्याला नेले नाही. नवे टब आणले, नवे हातमोजे घातले. आधी गरम कॉस्टिकमध्ये त्याचा काळा थर विरघळवला, मग सीलबंद कॅनमधल्या ॲसिडने गंज उतरवला. खाण्याचे भांडे होते, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते आवडाबाईंचे भांडे होते.

मग तिने तवा उलटा केला.

पाठीवर, कानाजवळ, इतकी वर्षे काजळीच्या पापुद्र्याखाली दडलेले एक कमळ होते, आणि कमळाखाली उठावाचे आकडे. ओतणाऱ्याने साच्यातच घातलेले. १९८६.

समीक्षाने ते दोनदा वाचले. आवडाबाई म्हणजे तिची सासू. हा तवा आपल्या सासूच्या सासूचा, चार पिढ्यांचा, असे त्या चौदा वर्षे सांगत आल्या होत्या. समीक्षाला हसू आले. ते तिने तिथेच ठेवले, तवा जुन्या चादरीत गुंडाळला आणि स्कूटरच्या पायाशी उभा करून माणकोलीच्या पुलावरून घरी निघाली.

घर बाळकुमला. पूर्वी तिथे अंगण होते, कोंबड्या होत्या, मिठागरावर जाणारी पायवाट होती. आता त्याच जमिनीवर बावीस मजले होते आणि त्यांतल्या अकराव्यावर हे कुटुंब. घर पाडताना तवा एका खोक्यात गेला, खोके माळ्यावर गेले, आणि तीन वर्षे ओलसर वर्तमानपत्रात पडून तव्याला तांबडा गंज धरला. तोवर गौरीचे पोळे दुसऱ्या कुठल्याशा तव्यावर होत राहिले आणि आवडाबाई दरवर्षी नाक मुरडत राहिल्या.

समीक्षाच्या माहेरी, डोंबिवलीला, ज्याला घावन म्हणतात त्याचाच हा बाळकुमचा भाऊबंद: पोळा. तांदळाचे पीठ, पाणी, मीठ. ताकासारखे पातळ पीठ तापल्या तव्यावर ओतायचे, की जाळी पडते. या घराचा गणपती थोरल्या चुलत्यांकडे बसत असे, पण गौर इथे येई, आणि तिच्या नैवेद्याचा पहिला पोळा आवडाबाईच काढत. दुसऱ्या कुणाला त्या जवळ फिरकू देत नसत. समीक्षाला तर नाहीच. "तुजी घावना जाड असतान," एवढ्यावर तो विषय चौदा वर्षे मिटत आला होता.

यंदा आवडाबाईंचा उजवा खांदा आखडला. हात कानापर्यंत जाईना. एका सकाळी त्यांनीच माळ्यावरचे खोके उतरवायला लावले, गंजलेला तवा समीक्षाच्या हाती दिला आणि दुसरीकडे बघत म्हणाल्या, "यो गंज काड. औंदा पहिला पोला तू काडायचा."

समीक्षाने त्यावर नुसती मान हलवली होती. पण त्या दिवशी कारखान्यात तिने दोन वेळा कारण नसताना शिट्टी वाजवली.

आणि आता तो तवा ओट्यावर चमकत होता.

"ह्यो कोनाचा तवा?" आवडाबाईंनी विचारले.

"आपलाच, आई. गंज काढायला सांगितला होतात ना."

"गंज काडाला सांगितला व्हता. कातडी सोलाला नाय."

धाकटी जाऊ करिश्मा फोन घेऊनच आली. "ताई, एकदम चांदीचा झालाय! थांब, एक फोटो घेते."

"आई, आता त्यात बघून पावडर लावत जा," हॉलमधून प्रफुल्लने, समीक्षाच्या नवऱ्याने, सूर लावला. "आरशाचा खर्च वाचला."

"तू गप रे! चार पिड्यांचा काला व्हता त्यावर. माजे सासूचा, तिचे सासूचा. किती जनींनी हात लावलेला, ठाव हाय? एका दिसात धुऊन आनला हिनी!"

समीक्षाने तवा ओट्यावरून उचलला. मनगटाचे एक वळण, एवढेच अंतर होते. कमळ आणि आकडे सगळ्यांसमोर आले असते, आणि चार पिढ्यांचा हिशेब तिथेच मिटला असता. तिने सासूकडे पाहिले. आवडाबाईंचा तो आखडलेला, कानापर्यंत न जाणारा हात कसा कोण जाणे झटक्यात पुढे आला आणि तव्यावर सपाट टेकला.

"पालथा नको घालू," त्या म्हणाल्या. "वट्याला चरे पडतील."

ओटा ग्रॅनाइटचा होता. समीक्षाने तवा सुलटाच खाली ठेवला.

"गौरीला नऊ दिस हायती," आवडाबाईंनी निकाल दिला. "तवा व्हता तसा झाला तर पहिला पोला तुजा. नाय तर करिश्मा काडील, तिचे नॉनस्टिकवर. नि मंग पुडच्या साली मना विचारू नको."

"होईल," समीक्षा म्हणाली. तिला तसूभरही शंका नव्हती. पृष्ठभाग हा तिचा प्रांत होता.

पहिल्या दिवशी तिने घाईत एक चूक केली, जी करणाऱ्याला ती कारखान्यात उभे राहू देत नसे. तेल सढळ हाताने लावले. तापल्यावर तव्यावर फणसाच्या चिकासारखा गोंद तयार झाला. बोट लावले तर बोट धरून ठेवू लागला. जाड थर बसत नाही, नुसता बसल्यासारखा दिसतो, हे आपणच रोज घसा फोडून सांगतो, याची आठवण होऊन ती मोठ्याने हसली आणि सगळे पुन्हा खरवडून काढले.

मग ती आपल्या रीतीने कामाला लागली. जवसाचे तेल, चार थेंब. कापडाने सर्वत्र पसरायचे आणि लगेच पुसायचे, पुसलेले पुन्हा पुसायचे. नजरेला तेल दिसता कामा नये, नुसती त्याची आठवण धातूवर राहावी. मग आच. निळसर धूर येई, दाट होई, विरळ होई, थांबे. तवा आपसूक गार होऊ द्यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. रोज संध्याकाळी दोन थर. दुसऱ्या संध्याकाळी स्वयंपाकघरातला धुराचा अलार्म किंचाळला आणि खालून सुरक्षारक्षकाने इंटरकॉमवर विचारले, "मॅडम, आग लगी है क्या?"

"नाही हो दादा," प्रफुल्लने फोन घेतला. "आमच्याकडे तव्याची हळद चाललीय."

सहाव्या थरानंतर तवा ओल्या पाटीसारखा काळा झाला. एकसारखा, काठापासून काठापर्यंत. त्यात दिव्याची तिरीप पडली की ती आत बुडून जाई. समीक्षा त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. उत्तम झालेले काम पाहताना येणारा तो शांत, थोडासा गर्विष्ठ एकांत तिला ओळखीचा होता.

गुरुवारी तिने पीठ कालवले. तवा चांगला लाल होईस्तोवर तापवला, पळीभर पीठ ओतले. जाळी पडली. कड सुटली. मध्यभाग सुटेना. उलथने घातले, तशी मधोमध चिरफळी झाली. दुसरा पोळा तसाच. तिसऱ्याचे तुकडे ताटलीत पडले तेव्हा करिश्मा मागे उभी होती.

"भुर्जी भारी झालीय, ताई. पाव आणू?"

समीक्षाने तुकडे तोंडात टाकले आणि विचार करू लागली. थर पातळ होते. बांधणी पक्की होती. नख मारले तरी निघत नव्हती. जे कळण्यासारखे होते ते तिला कळत होते, आणि तरीही कुठेतरी असे काही होते जे पृष्ठभागाच्या शास्त्रात लिहिलेले नव्हते. ते कुणाला ठाऊक आहे, हेही तिला आता नेमके ठाऊक होते.

शुक्रवारी तिने रजा घेतली. दुपारी घरात दोघीच राहिल्या. आवडाबाई खांद्यावर शेकाची पिशवी घेऊन खुर्चीत बसल्या होत्या. समीक्षाने तवा आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. पालथा.

"आई, हा तुम्ही किती दिवसांत तयार केला होतात?"

आवडाबाईंनी कमळावरून अंगठा फिरवला, उठल्या, दाराची कडी लागली आहे ना पाहून आल्या आणि पुन्हा बसल्या.

"कवा बगितलास?"

"पहिल्याच दिवशी."

"नि त्या दिसी बोलली नाय? मी तुला इतका बोलली तरी?"

"तुम्ही हात ठेवलात ना वर."

आवडाबाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी हलले, आणि दुसऱ्या क्षणी त्या अशा हसू लागल्या की शेकाची पिशवी खाली पडली. हसता हसता डोळे पुसत त्यांनी सांगितले ते असे.

जया म्हणजे त्यांची नणंद. तिच्या दुसऱ्या बाळंतपणाला सासू आगासनला, जयाच्या सासरी, गेली होती. आवडाबाई तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या. मिठागरावरून आलेल्या माणसांच्या भाकऱ्या उरकल्या, पुन्हा पाण्याला जायचे होते, घाई होती. म्हणून लालबुंद तव्यावर तांब्याभर पाणी ओतले. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ते सोसत नाही. "टन् करून वाजला नि दोन भाग! जसा कोनी पापड मोडला." त्या अर्धुकांकडे त्या किती वेळ बघत बसल्या होत्या, हे त्यांना अजून आठवत होते. त्याच दुपारी दोन्ही तुकडे खाडीत टाकले, कल्याणच्या बाजारात जाऊन त्याच मापाचा तवा आणला, आणि सासू परत यायच्या आत त्याला म्हातारा केला.

"सात दिस लागले. सासू आली, तवा उचलला नि बोलली, 'हलका लागतं गो.' झाला. परत मरेपावेतो त्यावर शबूद काडला नाय." आवडाबाईंनी खाली पडलेली पिशवी उचलली. "तिला कलला व्हता. मना ठाव हाय, तिला कलला व्हता."

मग त्यांनी पदर खोचला. "चल, उठ. थर बेस बसवलायस तू. माजेपेक्षा बेस. पन तू त्याला निसता रंग दिलास. खायाला कदी घातलास?"

आवडाबाई स्टुलावर बसून सांगत गेल्या आणि समीक्षा करत गेली. जाडे मीठ तव्यावर पसरून करडे होईपर्यंत भाजले आणि फेकले. कांद्याच्या जाड चकत्या तेलात काळ्या होईस्तोवर घासल्या आणि फेकल्या. ओल्या नारळाचा चव मंद आचेवर इतका परतला की त्याचे स्वतःचेच तेल सुटून तव्यात जिरू लागले. तेल लावायला कापड चालणार नव्हते. नारळाच्या सोडणाचा कुंचा ठेचून घ्यावा लागला. आणि मग पोळे. पहिला फाटला. दुसरा फाटला.

"जाल कमी कर. गुरवारी मना वास आला, तू तवा जालत व्हतीस. नि ते उलथना खाली ठेव आदी!"

"मग काढू कसा?"

"तू नको काडू. त्यो सुटल. सुटला की कड आपली आपन वर येते. तवर हात पाटीमागं बांधून उबी राव."

समीक्षाला थांबणे जमत नसे. तिच्या धंद्यात सेकंद मोजलेले असत, आणि सेकंद भरले की हात पुढे जात. ती हात मागे बांधून उभी राहिली. आठवा पोळा निम्मा सुटला. अकरावा, करपलेला का होईना, सबंध निघाला. सगळे अकरा खिडकीच्या कठड्यावर कावळ्यांना गेले. शनिवारी आणि रविवारी हेच चालले, आणि रविवारी दुपारी कावळ्यांना काही मिळाले नाही, कारण करिश्माने सगळे पोळे नारळाच्या दुधाबरोबर संपवले होते.

त्या संध्याकाळी तवा पुसताना आवडाबाईंनी हळूच विचारले, "तुजे फॅक्टरीत यो आकडा घासतील काय गो?"

"दोन मिनिटांचं काम आहे, आई."

"मंग?"

"नको. रोज भाकऱ्या केल्या की पाठीवर काळं चढेल, बुजेल आपोआप. तुमचं वर्ष आहे ते. मी कशाला पुसू?"

आवडाबाईंनी तवा पुसायचे फडके समीक्षाच्या हातून घेतले आणि तिने पुसलेली जागा पुन्हा एकदा पुसली.

सोमवारी तेरड्याची गौर मखरात साडी नेसून उभी होती. घर माणसांनी आणि उकडलेल्या अळूच्या वासाने भरले होते. समीक्षाने तवा गॅसवर ठेवला, आच मध्यम केली. पाण्याचा थेंब टाकला; तो चुरचुरून जागीच आटला. थेंब मोत्यासारखा पळायला हवा होता. अजून दोन मिनिटे.

तेवढ्यात जयाआत्या आत आल्या. सत्तरीच्या, ताठ, नथीसकट. येताच त्यांची नजर शेगडीवर गेली, जशी माहेरी आलेल्या लेकीची जाते.

"यो आमचे आयचा तवा?"

"त्योच तर," आवडाबाई म्हणाल्या. "सुनेनी घासून नवा केला."

"मना नाय वाटत." जयाआत्या जवळ आल्या. "आयचे तव्याला मागं कानाजवल टवका उडालेला. पोर व्हती तवा मीच हातोडी मारलेली, नि आयनी मना बदडलेली. बगू तरी, हाय काय." आणि त्यांनी ओट्यावरचे फडके उचलून हाताला गुंडाळायला सुरुवात केली.

आवडाबाईंचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला.

जयाआत्यांचे बोट तव्याच्या कानाला लागायला वीतभर अंतर होते. तवा पुरता तापलेला नव्हता. कच्च्या तव्यावर ओतलेला पोळा धरून बसतो, हे समीक्षाला एव्हाना पाठ होते; आणि हा पहिला पोळा होता, चौदा वर्षांनी आलेला, दुसऱ्यांदा मागता न येणारा.

तिने पळी भरली आणि ओतली.

चर्र असा आवाज व्हायला हवा होता, तो अर्धाच झाला. पांढरे पीठ काठापर्यंत पसरले. "आत्या, हात मागे घ्या हं, चटका बसेल," ती म्हणाली, आच वाढवली आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिली.

करिश्माने सवयीने उलथने पुढे केले. समीक्षाने मान हलवून नको म्हटले. पिठाचा ओलसर पांढरेपणा मधोमध तसाच साचून होता, जाळीचा पत्ता नव्हता. मग एक छिद्र पडले. मग त्याच्या शेजारी दुसरे, आणि बघता बघता भरतीच्या रेतीवर खेकड्यांनी बिळे काढावीत तशी जाळी सबंध तव्यावर उमटत गेली. कड कोरडी झाली. एका बाजूने वर आली. दुसरी बाजू, नेमकी त्या कमळावरची, अजून धरून होती.

"चिकटला," जयाआत्या म्हणाल्या.

"थांबा," समीक्षा म्हणाली, आणि तिच्या आवाजात शिकवणाऱ्या माणसाची उंची होती.

ती थांबली. सगळे थांबले. आणि दुसरी बाजू, कुणी न हलवता, हलकेच सुटली. समीक्षाने पदराने तव्याचे कान धरून त्याला जरासा तिरका केला. पोळा पाण्यावरच्या पानासारखा घसरत केळीच्या पानावर आला. सबंध. मध्ये किंचित फिकट, कच्च्या तव्याची साक्ष द्यायला तेवढेच.

आवडाबाईंनी त्याकडे पाहिले आणि मग समीक्षाकडे. "गौरीला दाखव," त्या म्हणाल्या. "तूच ने."

समीक्षा नैवेद्य दाखवून परतली तेव्हा जयाआत्या अजून तव्याशीच उभ्या होत्या. फडके मात्र त्यांनी घडी घालून खाली ठेवले होते. त्यांनी तव्याकडे पाहिले, भावजयीकडे पाहिले, आणि त्या पाहण्यात आगासनचे एक जुने बाळंतपण, बाळंतिणीच्या खोलीत बसून राहिलेली आई, मागे एकट्या राहिलेल्या घरातली एक तरुण सून, असे बरेच काही जुळत जाताना समीक्षाला दिसले.

"दुसरा मना घाल गो," जयाआत्या शेवटी म्हणाल्या. "गरम गरम. नि पातल कर, तुजे सासूसारका."

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर प्रफुल्लने ड्रिल काढले आणि स्वयंपाकघराच्या भिंतीत एक दणकट खुंटी बसवली. गार झालेला तवा समीक्षाने पाण्याला न लावता पुसला, कुंच्याने तेलाचा पुसट हात फिरवला आणि खुंटीला अडकवला. काळा चेहरा खोलीकडे, पाठ भिंतीकडे.

"सरल हाय?" आवडाबाईंनी खुर्चीतून विचारले.

"सरळ आहे, आई."

"मंग उद्या भाकऱ्या तूच टाक."